भरतीला पळायच्या आधी टेप घ्या: आर्मी, नेव्ही की एअरफोर्स, आणि अंग कसं तयार करायचं

आमच्याकडं एक पोरगा होता, नाव नको, वर्षभर रोज पहाटे मैदानावर यायचा. १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदात मारायचा, बीम (दांड्याला लटकून हनुवटी वर न्यायची) दहा. बघणाऱ्याला वाटायचं ह्याला आता कोण अडवतंय. उंची विचारली की सांगायचा "पाच सहा". रॅलीत मापाच्या खांबाखाली उभा केला तर १६६ सेंटिमीटर. पाहिजे होती १६८. पाच फूट सहा इंच म्हणजे १६७.६, म्हणजे तीसुद्धा काठावरचीच उंची, आणि ह्याची तर तेवढीही नव्हती, कारण घरी मापताना चप्पल पायात होती. ह्याच पोराला बारावी सायन्सला ५८ टक्के होते. नेव्हीला उंची लागते १५७, एअरफोर्सला १५२. दोन्हीकडं तो आरामात बसला असता, पण हे कळलं तेव्हा वय निघून गेलं होतं.

मी स्वतः तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालोय, गावात सकाळी पोरांना पळवतो, फी बी काही नाही. इतक्या वर्षांत एक गोष्ट बघितली, पोरं उलट्या टोकानं सुरू करतात. आधी अकॅडमी, मग बूट, मग पळणं, मग जाहिरात, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. मी सांगतो तो क्रम वेगळा आहे: टेप, मार्कशीट, डॉक्टर, आणि मग पळणं. खाली जे आकडे दिलेत ते अलीकडच्या जाहिरातींमधले आहेत, फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची, मित्राच्या स्टेटसवर विश्वास ठेवायचा नाही.

पहिलं काम: टेप आणि जन्मतारीख

भिंतीला टाच, ढुंगण, पाठ टेकवून, अनवाणी, डोक्यावर आडवी पट्टी ठेवून दुसऱ्यानं खूण करायची. सकाळी उठल्यावर मापा, संध्याकाळी माणूस साधारण सेंटिमीटरभर कमी भरतो, मणक्याच्या गाद्या दिवसभरात दबतात म्हणून. काठावर असाल तर रॅलीच्या दिवशी सकाळी डोक्यावर पोतं उचलायच्या भानगडीत पडू नका एवढाच त्याचा उपयोग.

आर्मीत महाराष्ट्राच्या पोरांना जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) आणि ट्रेड्समनला (स्वयंपाकी, न्हावी असली कामं) १६८, टेक्निकलला १६७, क्लार्कला १६२. छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. फौजीच्या पोराला आणि चांगल्या खेळाडूला थोडी सूट असते, आदिवासी उमेदवारांसाठी माप वेगळं आहे, ते जाहिरातीत बघा. छाती फुगवणं ही सवयीची गोष्ट आहे हो, बारीक पोरं घाबरतात उगाच. खांदे न उचलता बरगड्या बाजूला उघडायच्या, रोज दहा वेळा, टेप लावून. रुंद हातांचे जोर मारले की दोन-तीन महिन्यात फरक दिसतो.

वयाचा खेळ साडेसतराला सुरू होतो आणि एकविशीच्या आसपास संपतो. जाहिरातीत जन्मतारखेची "ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत" अशी ओळ असते, तीच खरी. लग्न झालेलं चालत नाही. कागदावर लिहून काढा की तुमच्या हातात अजून किती भरत्या आहेत. बहुतेकांना दोन मिळतात, कुणाला तीन.

दुसरं: मार्कशीट काढून समोर ठेवा

आर्मी जीडीला दहावी, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. क्लार्क आणि स्टोअरकीपरला बारावी कुठल्याही शाखेची पण एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५०, इंग्रजी आणि गणित किंवा अकाउंट्समध्ये पण ५० पाहिजेच, इथं आपली मराठी मीडियमची पोरं इंग्रजीत अडकतात. टेक्निकलला बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, इंग्रजीसह ५० आणि प्रत्येकात ४०, नाहीतर दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाचा रस्ता आहे. ट्रेड्समनमध्ये काही ट्रेड आठवी पासवर आहेत, बाकीचे दहावीवर.

नेव्हीत दोन दरवाजे. एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) म्हणजे बारावी, गणित आणि फिजिक्स घेऊन, ५० टक्के. एमआर (मॅट्रिक रिक्रूट) म्हणजे दहावीवर, तिथंही ५० टक्के. बायोलॉजीवाल्यांसाठी एसएसआर मेडिकल आहे, ते फार कमी जणांना माहिती असतं.

एअरफोर्सला बारावी ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५०. सायन्स असेल तर गणित-फिजिक्स पाहिजे, पण आर्ट्स-कॉमर्सवाल्यालासुद्धा दरवाजा आहे हे ऐकून पोरं अजून चकित होतात.

मग आर्मी, नेव्ही की एअरफोर्स?

ह्या प्रश्नाला पोरं वर्दी बघून उत्तर देतात. पांढरी छान दिसते, निळी छान दिसते. मी एकच गोष्ट विचारतो: तू पायानं जिंकणार का डोक्यानं?

कारण हिशोब असा आहे. आर्मी जीडीत मैदानाला, म्हणजे पळणं आणि बीमला, १०० मार्क आहेत आणि ते मेरिटमध्ये धरतात. नेव्ही आणि एअरफोर्समध्ये मैदान फक्त पास व्हायचं असतं. नेव्हीला १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटात, २० बैठका, १५ जोर, १५ सिट-अप. एअरफोर्सला तेच अंतर ७ मिनिटात, १० जोर, १० सिट-अप, २० बैठका. तिथं तुम्ही पाच मिनिटात पळालात तरी शाबासकी मिळते, मार्क नाही. तिथली नोकरी लेखीवर मिळते. म्हणून जो पोरगा वाऱ्यासारखा पळतो आणि पुस्तक उघडलं की झोपतो, त्यानं नेव्हीच्या मागं वर्ष घालवू नये. आणि ज्याला बारावीला चांगले मार्क आहेत, पण काही केल्या पावणेसहाच्या आत येत नाही, त्यानं आर्मीच्याच मैदानावर डोकं आपटू नये.

दुसरी बारीक गोष्ट भाषेची. आर्मीची ऑनलाइन लेखी २०२५ पासून मराठीतून पण देता येते. नेव्ही आणि एअरफोर्सची हिंदी-इंग्रजी, आणि इंग्रजीचा पेपर तर इंग्रजीच.

तिसरी गोष्ट तिथलं आयुष्य. आर्मी जीडी म्हणजे ऊन, थंडी, चालणं, पहारा, आणि युनिट कुठलं मिळेल ते फारसं आपल्या हातात नसतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, रणगाडेवाल्यांचं आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला. माझ्यासारखा साताऱ्याचा पोरगा मनात मराठा रेजिमेंट धरून गेला आणि तोफेवर जाऊन बसला, आणि नंतर तोफच आवडली. नेव्ही म्हणजे ओडिशात आयएनएस चिल्काला ट्रेनिंग, मग मुंबई, विशाखापट्टणम, कोची, कारवार, आणि जहाजावर एकावर एक बंकमध्ये झोपायचं, समुद्र लागला की पोटातलं सगळं बाहेर. पोहायला तिथं शिकवतात, पण पाण्याची भीती असेल तर ती आत्ताच गावच्या विहिरीत काढा. एअरफोर्सचं ट्रेनिंग बेळगावला, म्हणजे कोल्हापूरकराला घराशेजारीच. विमान उडवणं नाही हां, ते ऑफिसरचं काम. तुम्ही विमान उडेल असं ठेवायचं, रडार, दळणवळण, स्टोअर, ऑफिस.

बारावीत शिकणारा आणि अभ्यासात खरंच हुशार असलेला कुणी हे वाचत असेल तर बाबा आधी एनडीएचा, म्हणजे ऑफिसर व्हायचा, फॉर्म भर, खडकवासला आपल्या दारात आहे. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून पोरांची तयारी करून घेते, दहावीनंतर प्रवेश असतो, आणि मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मुलींसाठी आर्मीत मिलिटरी पोलीस, उंची १६२, धावणं १.६ किलोमीटर, पहिल्या गटासाठी साडेसात मिनिटं, दुसऱ्यासाठी आठ, शिवाय १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी. जागा कमी असतात आणि लेखीचा कटऑफ वर जातो. नेव्ही आणि एअरफोर्समध्ये मुलींना धावायला आठ मिनिटं. माझ्या मैदानावर सध्या चार मुली आहेत, त्यातल्या दोघींना मी स्पष्ट सांगितलंय की नेव्हीचा अभ्यास धरा, कारण गणित पक्कं आहे.

चार वर्षांचा हिशोब घरात बसून करा

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून शिपाई पातळीवरची भरती बहुतेक त्यातूनच आहे. चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पगार, त्यातले ९,००० कापून निधीत जातात, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या ३६,५००, चौथ्या ४०,०००, दरवेळी तीस टक्के कापून. तुमचे कापलेले साधारण ५ लाख २ हजार होतात, तेवढेच सरकार घालतं, व्याज धरून जाताना साधारण ११ लाख ७१ हजार हातात येतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. विमा ४८ लाखांचा, त्याला आपल्याकडून काही कापत नाहीत. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होतात.

म्हणजे चारातले तीन परत येणार आहेत, हे तोंडावर बोलून घ्या, आईबापासमोर. मला ही योजना मनापासून पटलीय असं नाही, मी पेन्शनवर जगणारा माणूस आहे, मला दुसरं काय वाटणार. पण पंचविशीच्या आत अकरा-बारा लाख आणि शिस्त घेऊन परत येणारा पोरगा आणि नुसता भरती-भरती करत पंचविशीला आलेला पोरगा ह्यातला फरक मला दिसतो. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना, म्हणजे ह्या योजनेतून चार वर्षं करून आलेल्यांना, २०२२ ला १० टक्के आरक्षण आणि वयात सूट जाहीर झाली. फक्त ते पैसे आल्याआल्या बुलेट आणि घरासमोरचा मांडव ह्यात घालवायचे नाहीत.

बाजूचा रस्ता पण उघडा ठेवा. एसएससी जीडी म्हणजे निमलष्करी दलांची भरती, बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ वगैरे, तिथं ५ किलोमीटर २४ मिनिटात, उंची १७०, मराठा उमेदवारांना ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट असेल तर १६५. आपली पोलीस भरती बारावीवर, उंची १६५, मैदान ५० मार्कांचं, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. एकाच तयारीत तिन्ही बसतात, थोडा बदल करून.

डॉक्टर, पळायला लागायच्या आधी

हा भाग सगळे सोडतात आणि इथंच रडतात. वर्षभर पळून मेडिकलला अनफिट झालेल्या पोराचा चेहरा बघवत नाही.

घरच्या घरी आधी हे बघा. पाय ओले करून कोरड्या फरशीवर उभे राहा: तळव्याचा पूर्ण ठसा उमटला, मधे कमान दिसलीच नाही, तर सपाट तळवा असू शकतो. सरळ उभं राहून घोटे जुळवा, गुडघे आधी चिकटून घोट्यात अंतर पडत असेल तर ते गुडघे चिकटणं. हात खाली सोडून तळवे पुढं केले की कोपरातून हात किती बाहेर जातो ते बघा. पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा, अंडकोषाची सूज, मूळव्याध, हर्निया, घामाघूम हात, हे सगळं तपासतात, लाजायचं काही नाही. मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं नजर आणि रंगांची तपासणी, कानाच्या डॉक्टरकडं कान, दातांच्या डॉक्टरकडं दात. किडलेला दात भरून घ्यायला एक दुपार लागते. कानातला मळ काढायला दहा मिनिटं. ह्या दहा मिनिटांच्या कामासाठी दरवर्षी पोरं टेम्पररी रिजेक्ट होऊन मिलिटरी हॉस्पिटलच्या रिव्ह्यूच्या चकरा मारतात. एअरफोर्समध्ये चष्मा ठराविक नंबरापर्यंत चालतो, म्हणून चष्मा आहे म्हणून सगळंच संपलं असं समजू नका.

टॅटू. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागं चालतो. दंडावर महाराज गोंदवून घेतलेले दोन पोरगे माझ्याकडं आले होते, काय बोलणार. आदिवासी पोरांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे सूट आहे.

आणि इंजेक्शनबद्दल. दम वाढतो म्हणून मैदानाबाहेर कुणीतरी काहीतरी टोचतो, गोळी देतो. तपासणी होते, पकडलं की बाहेर, आणि उन्हात पळताना हृदयावर येतं ते वेगळं. घेणाऱ्याशी बोलणं सोडा.

पळणं

आता आलो मुद्द्यावर. आर्मीत १.६ किलोमीटर: ५:३० च्या आत ६० मार्क, ५:४५ पर्यंत ४८, ६:०० पर्यंत ३६, ६:१५ पर्यंत २४. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. साडेपाच मिनिटं म्हणजे एक फेरी साडेब्याऐंशी सेकंद. हा आकडा पाठ करा, आरती पाठ असते तसा.

नव्या पोराची फेरीवार वेळ मी वहीत लिहितो. परवाच्या एकाची बघा: ७२, ८४, ९२, ९५. बेरीज ३४३ सेकंद, म्हणजे ५:४३. ह्याच पोराला मी सहा आठवडे पहिली फेरी मुद्दाम हळू पळायला लावली, शिव्या खाल्ल्या त्याच्या, मग आली ८२, ८३, ८३, ८१. बेरीज ३२९, म्हणजे ५:२९. बारा मार्क वाढले. दम थोडा वाढला असेल, पण मुख्य म्हणजे त्यानं पहिल्या फेरीत पैसे उधळणं बंद केलं.

वीस आठवडे हातात असतील तर असं करा.

पहिले चार आठवडे वेगाचं नावच काढायचं नाही. आठवड्यातून चार दिवस, २० ते ३० मिनिटं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगानं. धाप लागली की चाला, परत पळा. हाडं आणि शिरा दमापेक्षा हळू तयार होतात, दम तीन आठवड्यात आला म्हणून नडगीचं हाड तयार झालं असं होत नाही. ओळखीचा एक पोरगा एका अकॅडमीत रोज डांबरी रस्त्यावर फुल स्पीड पळत होता, रोज, महिनाभर, आणि नडगीला बारीक फ्रॅक्चर घेऊन भरतीच्या दिवशी घरी बसला होता. नडगी सगळीकडं पसरून दुखत असेल तर दोन-चार दिवस विश्रांती, मऊ जमीन, बर्फ. पण बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर पळणं बंद आणि एक्स-रे.

पाचव्या ते दहाव्या आठवड्यात पाच दिवस. दोन दिवस आरामात ५-६ किलोमीटर, एक दिवस लांब, ८ किलोमीटरपर्यंत, एक दिवस चढावर छोट्या धावा, बारा-पंधरा सेकंदाच्या आठ, चालत खाली यायचं. आणि एक दिवस २०० मीटरच्या सहा-आठ, प्रत्येक ४२-४३ सेकंदात, मधे २०० चालायचं. आपल्याकडं डोंगर आहेत, बांध आहेत, ट्रेडमिलची गरज नाही.

अकरा ते सोळा हा खरा घाम. आठवड्यात एक दिवस ४०० च्या पाच, प्रत्येकी ८२ सेकंदात, मधे अडीच-तीन मिनिटं विश्रांती. इथं अट अशी, पाचवी फेरी पहिलीएवढीच आली पाहिजे. पहिली ७५ आणि शेवटची ९० आली तर तो दिवस फुकट गेला असं मी समजतो. दुसऱ्या एका दिवशी एकदा १००० मीटर ३:२५ मध्ये, पाच मिनिटं थांबून ६०० मीटर २:०० मध्ये. बाकीचे दिवस हळू. हो, हळूच. कठीण दिवसाच्या दुसऱ्या दिवशी परत कठीण पळणारा पोरगा मला तीन आठवड्यात लंगडताना दिसतो.

शेवटच्या चार आठवड्यात दहा-बारा दिवसांनी एकदा पूर्ण १६०० घड्याळ लावून. रोज टायमिंग काढायची सवय घाण आहे. शेवटचा आठवडा निम्मंच पळायचं, पाय शिवशिवले पाहिजेत.

आणि गर्दीत पळायची सवय करा. रॅलीत एका बॅचला भरपूर पोरं सोडतात, कोपर लागतं, पाय अडकतो, धूळ नाकात जाते. बरीच पोरं गर्दी टाळायला बाहेरून पळतात. दीड मीटर बाहेरून पळालात तर एका फेरीला साधारण ९ मीटर जास्त, चार फेऱ्यांचे ३७-३८, म्हणजे सात-आठ सेकंद गेले. दम असूनही गट हुकतो तो असा. पहिले शंभर मीटर थोडे जोरात, जागा पकडायची, आत सरकायचं, आणि मग ब्याऐंशीवर बसायचं. आम्ही रविवारी गावातली झाडून सगळी पोरं एकत्र सोडतो, मुद्दाम ढकलाढकली करून.

बूट रोजचेच. मी माझ्या पहिल्या भरतीला मामानं घेऊन दिलेले कोरे करकरीत बूट घालून गेलो होतो, दुसऱ्याच फेरीत टाचेला फोड, तिसऱ्यात फुटला, आणि मी घरी. मामाला अजून सांगितलेलं नाही.

बीम: स्वस्तात मिळणारे मार्क

दहा पूर्ण काढले तर ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. आता बघा, सहावरून दहावर गेलात की २४ मार्क वाढले. पळण्यात ५:४५ वरून ५:३० वर यायला महिने जातात आणि मिळतात १२. जीडीच्या लेखीत एक प्रश्न दोन मार्कांचा, म्हणजे चार बीम बरोबर बारा प्रश्न. तरी पोरं पळतच बसतात.

हनुवटी दांड्याच्या वर, खाली येताना कोपर पूर्ण सरळ. झोका घेऊन, पाय मारून काढलेला मोजत नाहीत. एकही निघत नसेल तर स्टुलावरून वर जाऊन पाच मोजत सावकाश खाली या, असे पाच, एक दिवसाआड. सोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या दांड्याला खालून लटकून, टाचा जमिनीवर ठेवून छाती ओढायची. तीन-चार निघायला लागले की दारात दांडा लावा आणि दिवसातून पाच-सहा वेळा जाता-येता जमतात त्याच्या निम्मेच काढा. दमेपर्यंत आठवड्यातून एकदाच. रॅलीचा पाइप जाड असतो आणि आधीच्या पोरांच्या घामानं निसटता झालेला असतो, म्हणून नुसतं लटकून राहायचा सराव मिनिटभरापर्यंत न्या. पळून आल्यावर लगेच बीम काढायची सवय पाहिजे, ताज्या अंगानं काढलेले दहा रॅलीत आठ होतात.

नऊ फुटाचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचंय. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर, दहा फुटांवर रेघ मारून सराव करा. बॅलन्सला खाली बघायचं नाही, दोन पावलं पुढं बघायचं.

खाणं

डब्यातल्या पावडरी घेऊ नका, त्या पैशात महिनाभराची अंडी येतात. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, भाकरी, पिठलं, उसळ, दूध, ताक, केळी, अंडी चालत असतील तर रोज तीन-चार. पळून आल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. मावा, गुटखा, सिगरेट बंद, ह्यात अर्धं-अर्धं काही नसतं. झोप आठ तास, रात्री एकपर्यंत भरतीच्याच रील बघत बसणारा पोरगा पहाटे पळत नाही, रांगतो. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या पोरांनी सूर्य वर यायच्या आत संपवायचं, मीठ-साखर-पाणी सोबत, आणि चक्कर, मळमळ, घाम थांबणं ह्यातलं काही झालं की सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतायचं, दवाखान्यात न्यायचं.

लेखी आणि कागदं

२०२३ पासून आर्मीत आधी ऑनलाइन लेखी, पास झाला तरच मैदान. म्हणजे लेखीत गेलात तर तुमचे ५:२० कुणी बघणारसुद्धा नाही. जीडीला ५० प्रश्न, एक तास, चुकलं तर त्या प्रश्नाच्या मार्कांचा चौथा हिस्सा कापतात, म्हणजे अर्धा मार्क. आठवी ते दहावीचं गणित-विज्ञान आणि चालू घडामोडी, रोज दीड तास, पळण्याएवढंच पक्कं. फॉर्म सरकारी साइटवर स्वतः भरा, आर्मीची फी २५० रुपये आहे. "आत ओळख आहे, दोन लाख द्या" म्हणणारा कुणीही आला तर तो चोर आहे. पोरगा स्वतःच्या पायावर लागला की तो म्हणणार मी लावला, नाही लागला तर फोन बंद.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आधारवर "विठ्ठल", मार्कशीटवर इंग्रजीत एक टी कमी, आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं. सहा महिने आधी सगळं दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्या, आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे. डोमिसाइल, जातीचा दाखला, शाळेचं आणि सरपंचाचं चारित्र्य प्रमाणपत्र, पोलिसांचं, अविवाहित असल्याचं, एनसीसी किंवा खेळाचं असेल तर ते, वीसेक फोटो. एनसीसीच्या सर्टिफिकेटला बोनस मार्क आहेत, कॉलेजात असाल तर सोडू नका. सरपंच गावाला गेला म्हणून सही राहिली, असं दरवर्षी एकाचं होतं.

रॅलीचा दिवस

बरेचदा रात्रीच बोलावतात, अंधारात दिवे लावून रांगा लागतात आणि पहिली बॅच उजाडायच्या आधीच पळते. म्हणून शेवटचे पंधरा दिवस रात्री दोनला उठून हलकं पळायची एक-दोनदा सवय करा, पोटाला पण कळतं. आदल्या रात्री साधं जेवण, वरण-भात, चपाती, दही. ढाब्यावर मटण नको, आनंदात पण नको. पळायच्या दीड-दोन तास आधी दोन केळी किंवा गूळ-शेंगदाणे, पाणी घोट घोट. रांगेत तासन् तास उकिडवे बसवतात, पाय बधिर होतात, आळीपाळीनं उठून पोटऱ्या हलवत राहा. कागदाची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, झेरॉक्स वेगळी, मूळ कागद वेगळे.

नंबर पुकारला की नाडी बघा, बुटाची. दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचायची. गेल्या वर्षी आमचा एक पोरगा तिसऱ्या फेरीत नाडी सुटली म्हणून वाकला आणि ५:४७ आला.